म चा व

कूम बेदवेन गावात मरणं काही अवघड नव्हतं. डोंगर पोखरून पाटीचा दगड काढणारं गाव ते. धूळ छातीत बसायची आणि पन्नाशीच्या आत-बाहेर माणूस खोकत खोकत निघून जायचा. अवघड काम पुढे होतं. मेलेल्याच्या नावाचा दगड उभा करायचा आणि त्यावर मातृभाषेतला मजकूर एकही चूक न होता कोरून घ्यायचा. कागदावरची चूक खोडता येते, दगडावरची नातवंडांना वाचावी लागते. म्हणून घरात कोणी गेलं की गाव आधी पाद्र्याकडे जायचं, मग सुताराकडे, आणि आठवडाभराने नेस्तकडे.

त्या गावात आडनावं इनमीन पाच. माणूस ओळखायचा तो धंद्यावरून. दुधाचा रॉबर्ट, पोस्टाची ग्वेन, तशी ही दगडाची नेस्त. बाप थडग्यांवर अक्षरं कोरायचा. त्याची नजर गेली तशी ही त्याला मजकूर आखून देऊ लागली, आणि बाप गेल्यावर त्याच्या हाताखालचा ऊम्फ्रा कोरू लागला तरी कागद नेस्तचाच राहिला. लग्न केलं नाही. प्रार्थनाघराला लागून दोन खोल्या होत्या, तिथे राहायची. बाहेरगावच्या उपदेशकांना चहा आणि मनुकांचा पाव द्यायचा, रविवारी मुलांना वाचायला शिकवायचं, आणि गावातल्या प्रत्येक मेलेल्याला व्याकरणात बसवून पाठवायचं, एवढं तिचं आयुष्य.

आता यात व्याकरणाचं एवढं काय, असं कोणी विचारेल. आपली भाषा शब्दाची शेपटी हलवते. घर, घरात, घराला. इंग्रजांच्या शेजारच्या त्या डोंगरी लोकांच्या भाषेत शब्दाचं डोकं बदलतं. मुलगी म्हणजे ‘मेर्ख’. तिची मुलगी म्हटलं तरी मेर्ख. पण त्याची मुलगी म्हटलं की ‘वेर्ख’. तुमची मुलगी, मेर्ख. तुझी मुलगी, वेर्ख. ‘त्याची’, ‘तिची’, ‘तुझी’ हे आधी येणारे शब्द इतके चिमुकले की बोलताना ओठांतच विरतात. मग पोर कोणाची, हे पहिल्या अक्षरावरून ओळखायचं. आपल्याकडे एकदा कोणी ध चा मा केला तर खून पडला म्हणतात. तिथे म चा व रोज होतो, प्रत्येक स्वयंपाकघरात होतो, आणि लोक त्याला शुद्ध बोलणं म्हणतात.

नेस्तच्या कानाला ही अक्षरं शेगडीच्या निखाऱ्यासारखी चटकन लागायची. कोणी चुकलं की तिच्या तोंडून दुरुस्ती निघून जायची, समोरच्याचं काय चाललंय ते न बघता. एका बाईचा नवरा खाणीत दगडाखाली सापडला. प्रेताशेजारी बसून ती रडता रडता एक अक्षर चुकली, आणि हिने तिचा हात हातात घेतल्या घेतल्या ते नीट करून दिलं. बाई रडायची थांबली आणि बघतच राहिली. त्या दिवशी नेस्तला स्वतःची लाज वाटली, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

“तू स्वर्गाच्या दारात पोचलीस ना,” ऊम्फ्रा म्हणायचा, “की आत जायच्या आधी दारावरची पाटी वाचशील आणि दार राखणाऱ्या त्या संत पेत्राला सांगशील, बाबा रे, खडू आण.”

“चुकीची पाटी असली तर सांगेनच,” नेस्त म्हणायची.

अशा या बाईच्या घरात एक शब्द राहत होता. नीट शब्दही नव्हता तो. वर्मर्की. चुलीवर किटली तापायला लागली की तो यायचा. पागोळ्या पाटीच्या फरशीवर पडायच्या त्यात असायचा. भरल्या प्रार्थनेत, चारशे माणसं गात असताना, मधल्या श्वासाच्या जागेत नेस्तला तो स्वच्छ ऐकू यायचा.

नेस्तला एक धाकटी बहीण होती, मोर्विद. नेस्तहून आठ वर्षांनी लहान, हसायला लागली की न थांबणारी. गावात तेगिद नावाचा खाणकामगार होता. बायको कात्रिन, वयाने त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, लग्नाला सात वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. कात्रिन एक हिवाळाभर अंथरुणाला खिळली, तेव्हा मोर्विद त्यांच्या घरी कामाला राहिली. वसंतात कात्रिन उठून बसली आणि मोर्विदला दिवस गेले. कोणाचे, ते तिने फक्त नेस्तला सांगितलं. आईने विचारलं, मारलं, पण ती गप्प राहिली.

पुढचं दोन्ही घरांच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. कात्रिन ‘हवापालट’ म्हणून चार महिने लांबच्या खोऱ्यात मावशीकडे गेली, मोर्विदही तिथेच गेली. येताना कात्रिन मुलगी घेऊन आली आणि मोर्विद परस्पर लिव्हरपूलला धुणीभांडी करायला गेली. मुलीचं नाव हेलेद. सात वर्षांनी देव पावला असं गाव म्हणालं. नेस्तच्या आईने बायबल पुढे धरून नेस्तकडून शपथ घेतली. ‘हे तुझ्या तोंडून कधी निघालं, तर तुझी जीभ आणि माझं थडगं, दोन्ही फुटोत.’ कात्रिनला मुलगी कोणाच्या पोटची ते माहीत होतं. बाप कोण, हे तिला किती कळलं होतं ते देवाला ठाऊक. तिने कधी विचारलं नाही आणि मुलीला जिवापाड जपलं, हे मात्र खरं.

दीड वर्षाने मोर्विदचं पत्र आलं. छाती बिघडली आहे, इस्पितळात आहे. ‘एकदा तिला घेऊन ये. मी काही बोलणार नाही, लांबून बघेन. तू तुझी भाची म्हणून आण, नाहीतर शेजाऱ्यांची म्हणून आण.’ नेस्तने ते पत्र तीनदा वाचलं. कात्रिनकडे कोणत्या तोंडाने मूल मागायचं? गावाला काय सांगायचं? पुढच्या महिन्यात जाऊ, असं तिने ठरवलं. पुढच्या महिन्यात दुसरं पत्र आलं, तिथल्या एका परिचारिकेचं, इंग्रजीत. तुमची बहीण शांतपणे गेली. शेवटचे दोन दिवस ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागत होती. आम्हा कोणाला तुमची भाषा येत नाही, म्हणून ऐकू आलं तसं लिहून पाठवते, तुम्हाला कळेल. आणि खाली इंग्रजी अक्षरांत एकच शब्द, वर्मर्की.

पाद्र्याने चष्मा पुसून तो वाचला आणि एखाद्या औषधाचं नाव असेल म्हणाला. पोस्टाच्या ग्वेनला तो कुठलं तरी जहाज वाटला. आई म्हणाली, तापात माणूस काहीही बरळतं. नेस्तने पत्र गाण्यांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात सरकवून दिलं. गावातली सगळी अक्षरं जिच्या कानात बसलेली, तिला हा शब्द म्हणे कळेना! कळत कसा नव्हता? पण कळलं असं कबूल केलं की पुढचंही कबूल करावं लागतं.

त्याच वर्षी शरद ऋतूत कांदेवाला गुल्वेन नेहमीसारखा आला. समुद्रापलीकडच्या ब्रिटनी मुलखातून कांद्यांच्या माळा सायकलवर लादून हे लोक दरवर्षी यायचे. त्यांची भाषा यांच्या भाषेची चुलतबहीण. पाव, घर, समुद्र, आई, सगळे शब्द थोडे वाकडे पण ओळखीचे. गुल्वेन नेस्तच्या दारी जरा जास्तच वेळ बसायचा. ‘नेस्तचा कांदेनवरा आला’ असं बायका चिडवायच्या. तो शब्द सांगायचा, ही शब्द सांगायची, आणि जुळला की दोघं लहान मुलांसारखी टाळी द्यायची. त्यांच्याकडेही ‘त्याची मुलगी’ म्हटलं की म चा व होतो आणि ‘तिची’ म्हटलं की म जागचा हलत नाही, हे कळलं तेव्हा नेस्तला दिवसभर बरं वाटलं होतं. आयर्लंडचा एक रेल्वेवाला तिला सांगून गेला होता की आमच्याकडे ‘आई’ या शब्दाचंही तसंच. त्याची म्हटलं की म विरघळतो, तिची म्हटलं की शाबूत. तीन मुलखांत समुद्र पसरला, राजे बदलले, पण बाईचा म कोणी हलवला नाही, असं ती ऊम्फ्राला मोठ्या अभिमानाने सांगायची.

त्या दिवशी तिने गुल्वेनला सहज विचारावं तसं विचारलं, “हा शब्द तुमच्याकडे आहे का बघ. वर्मर्की.”

त्याने माळ खाली ठेवली. एकदा पुटपुटला, दुसऱ्यांदा तोडून म्हणाला. “व मेर्ख? माझी मुलगी. आमच्यात असंच म्हणतात. तुमच्यात नाही म्हणत?”

“म्हणतात,” नेस्त म्हणाली. “आमच्यातही असंच म्हणतात. मागे एक ‘ई’ जोडतात, एवढंच.”

तिने त्याच्याकडून नेहमीपेक्षा दोन माळा जास्त घेतल्या आणि तो गेल्यावर दार लावून घेतलं. तेव्हापासून तो शब्द घरातच राहिला. तीस वर्षं.

हेलेद नेस्तच्या डोळ्यांसमोर मोठी झाली. रविवारी इतर मुलांसारखीच पाटी घेऊन यायची, इतर मुलांसारखंच ‘नेस्त मावशी’ म्हणायची. हुशार होती, कान तर असा तयार की नेस्तला भीती वाटायची. हसायला लागली की थांबायची नाही, तेव्हा नेस्त तिला उगाच ओरडायची. पुढे हेलेद गावच्या शाळेत मास्तरीण झाली. चार वर्षांपूर्वी कात्रिन गेली, तेव्हा दगडाचा कागद नेस्तनेच लिहिला: कात्रिन, तेगिदची पत्नी, हेलेदची आई. लिहिताना एकही अक्षर चुकलं नाही. किटली मात्र रात्रंदिवस बोलत राहिली.

आणि आता या जानेवारीत तेगिद गेला. त्याला मातीत ठेवून तीन दिवस झाले होते. दुपारी हेलेद नेस्तकडे आली. चहा पुढे ठेवला, तिने हात लावला नाही.

“मावशी, दगडाचं नंतर बोलू. मला आधी एक अक्षर विचारायचंय.”

“विचार.”

“बाबा दोन दिवस बोललेच नव्हते. सोमवारी चारचा भोंगा झाला, अंधारून आलं होतं. मी उशाशी, शेजारची लेइसा चुलीपाशी. बाबांनी डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. पण बाबा असे बघत होते की मीही वळून बघितलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि दाराला सांगितलं.”

“काय?”

“आधीचा चिमुकला शब्द छातीतच राहिला. नंतरचा तेवढा आला. वेर्ख.”

नेस्तने कप बशीत ठेवला, तो वाजला.

“लेइसा म्हणते, त्यात काय, कात्रिन न्यायला आली, तिला म्हणाला, ही बघ तुझी मुलगी. सगळ्या गावाला सांगत सुटलीय. लोकांचे डोळे भरून येतात.” हेलेद पुढे सरकली. “पण मावशी, बाबा आईला जन्मभर ‘तुम्ही’ म्हणायचे. ती मोठी होती ना त्यांच्याहून. भांडतानासुद्धा तुम्ही. चार वर्षं तिच्या थडग्यावर जाऊन बोलायचे तेही तुम्ही. आईला म्हणाले असते तर ‘तुमची’ म्हणाले असते. मग मेर्ख आलं असतं. मी वेर्ख ऐकलं. व ऐकला. माझे कान तुम्ही घडवलेत, मला फसवू शकत नाहीत. दारात असं कोण होतं, ज्याला माझे बाबा ‘तू’ म्हणत होते? आणि मी त्याची मुलगी कशी?”

बाहेर कोणी तरी दगडांवरून पावलं वाजवत गेलं. नेस्तला एवढंच सांगायचं होतं की तू बरोबर ऐकलंस. तीन शब्द. पण आईचं बायबल, आईची बोटं, फुटणारं थडगं, सगळं समोर आलं. आणि खरं सांगायचं तर थडग्याची भीती निमित्ताला होती. मोर्विदचं पत्र आलं होतं आणि मी गेले नाही, हे या पोरीला सांगावं लागेल, याची तिला भीती होती.

मग तिने व्याकरणाचा आधार घेतला. तीस वर्षांत प्रथमच तिने आपली विद्या वाकडी वापरली, आणि चूक एकही केली नाही.

“व आला म्हणून ‘तुझी’च असं कशावरून?” ती म्हणाली. “‘ती पोर’ म्हटलं तरी वेर्खच होतं. शिकवलंय मी तुला. ‘पोर इथंच आहे’ असं म्हणायचं असेल त्याला. माणूस जाताना घरात कोण कोण आहे ते मोजतो.”

हेलेदने चहाचा कप लांब सारला. “म्हणजे कोणाची नाही? नुसतीच पोर?”

“नुसतीच पोर.”

“बरं,” हेलेद म्हणाली आणि शाल घेऊन गेली.

ती गेली आणि किटलीला आधण आलं. नेस्त सवयीने अंग आवळून उभी राहिली. किटलीतून नुसती वाफ निघाली. पागोळ्या नुसत्या पडल्या. रविवारी गाण्यात श्वासाची जागा आली आणि रिकामी गेली. तीस वर्षं ज्या शब्दापासून सुटका मागितली, तो गेला, तर माणसाने मोकळा श्वास घ्यावा. नेस्त किटलीला कान लावून बसली, गाल भाजेपर्यंत. मोर्विद रुसली होती. तिने मागितलेली मुलगी एकदा नेली नाही, आणि आता तिची मुलगी नुसतीच पोर करून टाकली. असं घाबरणं नेस्तला ठाऊक नव्हतं. भूत घरात असताना ती कधी एकटी नव्हती, हे तिला आत्ता कळलं.

चौथ्या दिवशी हेलेद पुन्हा आली. या वेळी कागद घेऊन. चेहरा स्वच्छ, आवाज शाळेतला.

“दगडाचा मजकूर लिहिलाय मी. वाचते, तुम्ही सुधारा.”

नेस्तला हायसं वाटलं. तिने चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलं, कागद दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला. हे काम तिला झोपेतही आलं असतं.

“कात्रिनच्या नावाखाली ‘तसाच तिचा पती तेगिद.’ इथे प ठेवलाय मी.”

“तिचा पती, म्हणजे प ला धाप लागते. फ कर.” पेन्सिल चालली.

“‘या खाणीत एक्केचाळीस वर्षं.’”

“ठीक.”

“‘तसंच मोर्विद आणि तिची वेर्ख हेलेद.’”

“मेर्ख,” नेस्त म्हणाली. “बाईची म्हटल्यावर मेर्ख. व कुठून आणलास? तुला मी...”

पेन्सिलने व वर रेघ ओढून म लिहूनही झाला होता. मग तिला आपला आवाज ऐकू आला. मोर्विद आणि तिची मुलगी हेलेद. कागदावर, आणि त्यातला म स्वतःच्या अक्षरात.

हेलेद हलली नाही. “मला येतं गं ते. सहा वर्षांची असल्यापासून येतं. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.”

तुम्हीचं तू झालं होतं. नेस्तने ते ऐकलं आणि या वेळी दुरुस्त केलं नाही.

“दुसरं कोणी असतं,” हेलेद म्हणाली, “तर ओरडलं असतं, मोर्विदची मुलगी? वेड लागलंय का तुला? मोर्विदचा काय संबंध? तू अक्षर सुधारलंस. नुसतं अक्षर! बाकी सगळं तुला बरोबर वाटलं.”

“तुला मोर्विदचं नाव कोणी दिलं?”

“कोणी नाही. मी मोजलं. बाबा गावात कोणाकोणाला तू म्हणायचे ते मोजलं. बायकांत तीन जिवंत, तिघी आपापल्या घरी चुलीपुढे. मेलेली एकच. लेइसा सहज बोलून गेली, तुझ्या जन्माआधीच्या हिवाळ्यात तुमच्याकडे नेस्तची बहीण होती कामाला, तेगिद तिला तू म्हणायचा.” तिचा आवाज आता शाळेतला राहिला नव्हता. “मी तुला तीस वर्षं मावशी म्हणतेय. गावातली सगळी पोरं म्हणतात, त्यांचं सोड. मी म्हणायचे तेव्हा तुला काहीच व्हायचं नाही?”

“व्हायचं,” नेस्त म्हणाली. “दर वेळी व्हायचं.”

मग तिने सांगितलं. कात्रिनचं आजारपण, लांबचं खोरं, बायबल. सांगताना ती वाक्यं नीट करत बसली नाही, अर्धी सोडली, अर्धी उलटी बोलली. पत्राशी आली तेव्हा थांबली. मग तेही सांगितलं. लांबून बघेन म्हणाली होती. मी पुढच्या महिन्यात जाऊ म्हटलं. गाण्यांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यातून तिने परिचारिकेचं पत्र काढलं आणि हेलेदसमोर ठेवलं.

हेलेदने ते वाचलं. खालच्या शब्दापाशी आली, तिच्या कपाळाला आठी पडली, आणि तिने तो मुलांना अक्षर लावून दाखवतात तसा मोठ्याने वाचला. “वर्... मर्की.” मग पुन्हा, सरळ. “व मेर्ख ई.”

माझी मुलगी. तीस वर्षं किटलीतून, पागोळ्यांतून, भरल्या प्रार्थनेतून जो शब्द नेस्तने ऐकला होता, तो जिच्यासाठी होता तिच्या तोंडून आला. आवाज तोच होता. नेस्तने टेबलाची कड धरली, कारण खोलीत आता दोघी आहेत की तिघी, हे तिला सांगता आलं नसतं. ती रडली, मोठ्याने, लहान मुलासारखी. हेलेद रडली नाही. तिने पत्र घडी करून आपल्या पोलक्यात ठेवलं.

“हे माझं आहे,” ती म्हणाली.

“तुझंच आहे.”

“माझ्या आईचं नाव दगडावर घाल. कात्रिनच्या खाली. ती माझी आई होती, तिचं मी काही पुसू देणार नाही. आणि हीसुद्धा. दोघींपुढे तेच लिही. हेलेदची आई. आणि कागद तूच ने ऊम्फ्राकडे. मी नेणार नाही.” दारापाशी ती थांबली. नेस्तला वाटलं, आता ही काही तरी बरं बोलेल. “तू शिकवलेलं सगळं मी पोरांना शिकवते,” हेलेद म्हणाली. “उद्यापासून कसं शिकवू, ते मला कळत नाहीये.” आणि ती निघून गेली.

शनिवारी सकाळी नेस्त कागद घेऊन ऊम्फ्राच्या आवारात गेली. कात्रिनचा दगड स्मशानातून काढून आणून लाकडी घोड्यावर आडवा ठेवला होता. खालची जागा घासून गुळगुळीत केलेली. ऊम्फ्रा खडूने रेघा मारत होता. हा माणूस चांगला, पण पोटात काही राहायचं नाही. त्याला सांगितलेलं दुपारपर्यंत गावाच्या चारही विहिरींवर पोचायचं.

त्याने कागद वाचला. दगडाकडे बघितलं. पुन्हा कागद वाचला आणि हसायला लागला.

“नेस्त! आज सोन्याचा दिवस. चाळीस वर्षं वाट बघत होतो मी. चुकलीस!” त्याने खडूने वरची ओळ दाखवली. “हे बघ, ‘हेलेदची आई’ इथे कात्रिनपुढे आहे. आपणच कोरलंय. आणि तू खाली मोर्विदपुढे पुन्हा तेच लिहिलंयस. ओळ खाली घसरली तुझी. होतं असं वयानुसार. खोडू ना?”

“खोडू नकोस.”

“अगं, पोरीला दोन आया कशा असतील?”

सुटायला वाट होती. होय रे बाबा, डोळे गेले माझे, एवढं म्हटलं की झालं. ऊम्फ्रा आठवडाभर चिडवेल, हेलेद पुन्हा या दारात येणार नाही, आणि आईचं थडगं शाबूत राहील. नेस्तने वरच्या ओळीवर बोट फिरवलं. ती अक्षरं तिनेच आखलेली, खोल, सुबक.

“चूक नाही,” ती म्हणाली. “दोन्ही बरोबर आहेत. कात्रिनने वाढवलं. मोर्विदने जन्म दिला.”

ऊम्फ्राचं हसू तोंडावरच राहिलं. खडू त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. दगडावरची धूळ तळहाताने पुसली. मग कारागीर जसा अवघड वेळी कामाचं बोलतो, तसं बोलला.

“वय किती लिहू?”

“एकवीस.”

“आणि गाव?”

“लिव्हरपूल. इस्पितळात गेली.”

“इतक्या लांब,” तो हळूच म्हणाला. “तिच्याजवळ आपलं कोणीच नव्हतं का गं? बोलवायला, जायला, कोणी नव्हतंच?”

“मी होते,” नेस्त म्हणाली. “तिने बोलावलं होतं. मी गेले नाही.”